समाधीवरची गोळी

“मग टाकू ना फेकून, बुवा? तुम्ही फक्त हो म्हणा.”

हेरंबच्या हातात गोळ्यांचं पाकीट होतं. नवंकोरं. त्यातली एकही गोळी फोडलेली नव्हती.

सिदूबुवा मठाच्या ओट्यावर बसून चिंचेनं समई घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कसल्या गोळ्या?”

“लक्ष लागायच्या. डॉक्टर म्हणतात, माझ्या मेंदूची ठेवणच तशी आहे, लहानपणापासूनची. रोज सकाळी नाश्त्यानंतर एक घ्यायची.” हेरंब हसला. “मला सांगतायत, बुवा. मला!”

हेरंब सांगलीत क्लास चालवायचा आणि गावोगाव ‘एकाग्रतेच्या सात पायऱ्या’ या विषयावर व्याख्यानं द्यायचा. चौथ्या पायरीपाशी आला की तो हमखास भलत्याच विषयात शिरायचा. सातवी पायरी आजवर कुणीच ऐकलेली नव्हती. पण बोलणं असं रंगायचं की टाळ्या वाजवून घरी गेल्यावरही कुणाच्या ते ध्यानात यायचं नाही.

“गोळीनं आलेली एकाग्रता, ती काय एकाग्रता?” तो म्हणाला. “मला तुमच्यासारखी पाहिजे. मला अनुग्रह द्या, कानात मंत्र सांगा. मी साधनेनं करून दाखवतो.”

तुमच्यासारखी म्हणजे कशी, हे त्या पंचक्रोशीत कुणाला सांगावं लागत नसे. निरूपण चालू असताना, वाक्याच्या मधोमध, सिदूबुवांची मान छातीवर यायची. लगेच त्यांचे जुने शिष्य दामूअण्णा घंटेचा एक टोल द्यायचे. मंडप चिडीचूप व्हायचा आणि लोक जागच्या जागी साष्टांग आडवे पडायचे. बुवांना समाधी लागली! एकदा तर बुवा हेरंबच्या खांद्यावरच समाधिस्थ झाले होते. त्या खांद्याला हेरंब अजून लॅपटॉपची बॅग अडकवत नसे.

दामूअण्णा आत्ताही घंटेच्या दोरीपाशी बसून होते. गेल्या वर्षभरात टोल द्यायची वेळच आली नव्हती, त्यामुळे त्यांचं तोंड उतरलेलं असायचं.

“मग डॉक्टरकडं गेलास कशाला?” बुवांनी विचारलं.

हेरंबनं हातातलं पाकीट उलटंपालटं केलं.

“वृंदासाठी... बायकोसाठी.”

“काय केलंस?”

“केलं काही नाही. विसरलो.”

“काय इसरलास?”

“...तिलाच.”

दामूअण्णा दोरी सोडून थोडे पुढे सरकले.

“मोटरसायकलवर होतो. पेट्रोल भरायला थांबलो. पंपावर मागच्यानं उतरायचं असतं ना, तशी ती उतरली. पेट्रोल भरलं, पैसे दिले, निघालो.”

“आन्?”

“आणि... तिच्याशी बोलत बोलत घरी आलो.”

“कुठनं कुठवर?”

“जयसिंगपूरपासून सांगलीपर्यंत.”

समईवरचा बुवांचा हात थांबला.

“सारा रस्ता बोललास?”

“मधे एकदा विचारलंही, तू गप्प का? मग वाटलं, रागावलीये. म्हणून तिची समजूतसुद्धा काढली.”

दामूअण्णांनी तोंडात उपरण्याचा बोळा कोंबला. बुवा हसले नाहीत.

“तवा ती कुठं हुती?”

“तिथंच. पर्स गाडीच्या हुकाला, मोबाइल पर्समध्ये. भर उन्हात हवा भरणाऱ्या माणसाच्या स्टुलावर बसून राहिली होती.” हेरंबचा आवाज खाली आला. “ओरडली असती तर बरं झालं असतं, बुवा. नुसती म्हणाली, ही पहिलीच वेळ असती तर मी हसले असते.”

बुवांनी समई बाजूला ठेवली.

“आता कुठं हाय?”

“खाली, पायऱ्यांपाशी. मी गाडीवर आलो, ती एसटीनं आली. म्हणते, गोळी सुरू केलीस तर तुझ्यामागे बसेन. नाहीतर पुढच्या गाडीनं इथूनच माहेरी जाईन. परत यायचं की नाही, ते तिथं ठरवीन.”

त्याला मनापासून भीती वाटत होती. व्याख्यानात कधी न दिसणारा त्याचा चेहरा आत्ता दिसत होता.

“मग घे की गोळी.”

“कशी घेऊ? एकाग्रतेवर बोलणारा माणूस गोळ्या खातो हे लोकांना कळलं तर? तुम्ही घेतलीत का कधी समाधीसाठी गोळी?”

“न्हाई,” बुवा म्हणाले. “समाधीसाठी न्हाई.”

त्यांनी हात धुतले आणि कमरेची चंची सोडली. आतून सुपारी निघाली, चुन्याची डबी निघाली आणि तळाशी गोळ्यांचं पाकीट निघालं, अर्धं संपलेलं. बुवांनी एक गोळी फोडून जिभेवर ठेवली. तीर्थाच्या भांड्यातून पळीभर पाणी घेतलं आणि गिळली.

हेरंब बघतच राहिला.

“ही... कसली?”

“समाधीवरची.”

“समाधीवरची?”

“मिरजेच्या एक डॉक्टरीणबाई निरूपणाला आल्या हुत्या. समदे आडवे झाले, त्या एकट्याच बसून माझ्याकडं बघत ऱ्हायल्या. मागनं इचारलं, बुवा, ही समाधी जेवतानाबी लागती का? म्हटलं, लागती. आंघूळ करताना? लागती. खो खो हसलं की मान पडती? पडती. मग मिरजेला नेलं, डोक्याला तारा चिकटवल्या आन् रातभर निजवलं. दुसऱ्या दिवशीबी निजवून बघितलं. म्हणाल्या, आजार हाय. झोपेचा.”

“म्हणजे ती समाधी...”

“झोप.”

“आणि माझ्या खांद्यावर?”

“गाढ झोप. हाडं टोचत हुती, पर लागली.”

हेरंबनं नकळत खांदा चोळला.

“आणि ते साष्टांग घालणारे लोक?”

“मला जाग यायची तर समदी जमिनीवर पडलेली. वाटायचं, कुणाची तरी कानातली कुडी हरवलीया. मग मीबी वाकून शोधायचो.”

दामूअण्णांनी डोळे मिटून घेतले. बुवांचं ते शोधणं इतकी वर्षं त्यांनी लोकांना ‘भूमिवंदन’ म्हणून समजावून सांगितलं होतं.

“पण तुम्ही हे कुणाला सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं की. पयल्याच दिवशी, भर मंडपात. लोक म्हणाले, काय बुवांचा विनय!”

“आणि आता? समाधी नाही म्हटल्यावर गर्दी...”

“कमी झाली. पर निरूपण पुरं हुतंय. इतकी वर्सं ‘रामानं धनुष्य उचललं’ इथवरच लोकांस्नी ठाऊक हुतं. आता बाण सुटतोय.”

हेरंब विचारात पडला. मग एकाएकी त्याचे डोळे चमकले. त्यानं स्वतःचं पाकीट खिशात घातलं आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

“मग तुमच्यातलीच द्या, बुवा. साक्षात गुरूची गोळी! प्रसाद म्हणून घेतो. लोकांनाही सांगता येईल.”

बुवांनी पळी त्याच्या बोटांवर हाणली.

“परसाद न्हवं ही! माझ्या डॉक्टरणीनं माझ्या झोपंवर दिलीया. तुझी तुला दिलीया. काढ ती खिशातली.”

हेरंब बोटं चोळत उभा राहिला. तेवढ्यात खालच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला.

“गाडी आली...” तो पुटपुटला.

बुवांनी पळी तीर्थाच्या भांड्यात बुडवली.

हॉर्न पुन्हा वाजला, आता जवळून. हेरंबनं खिशातून पाकीट काढलं. घाईत ते दोनदा हातातून पडलं.

“नाश्ता झालाय न्हवं?” बुवांनी विचारलं.

“झालाय.”

“मग घे.”

त्यानं गोळी फोडली आणि तोंडात टाकली. बुवांनी त्याच्या तळहातावर पळीभर पाणी घातलं. हेरंब डोळे मिटून ते प्यायला आणि त्यानं मान खाली घातली. ती खाली गेलेली मान बघून दामूअण्णांना राहवलं नाही. वर्षभराचा राहिलेला टोल त्यांनी देऊन टाकला.

“काहीच वाटत नाहीये,” हेरंब डोळे उघडून म्हणाला.

“घशाखाली तरी उतरू दे.”

हेरंब दोन पायऱ्या उतरला. मग थांबला आणि परत वर आला.

“बुवा, मंत्र राहिला.”

बुवांनी त्याचं डोकं जवळ ओढलं. अनुग्रह देताना घेतात तसं दोघांवर उपरणं घेतलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

“गाडीला किक मारलीस, की आधी मागं हात लावून बघ.”