खोताच्या घरचा पाहुणचार

खाडीच्या तोंडाशी वसलेल्या एका गावात राजबा नावाचा खोत राहत होता. माणूस मोकळ्या हाताचा. त्याच्या दारातून कोणी उपाशी परत गेलं नाही. "खोताचं घर म्हणजे सगळ्या गावाचं घर," असं लोक म्हणायचे आणि ते ऐकून राजबाची छाती फुगायची.

त्या मुलखाच्या राजाने एक कायदा केला होता. वयात न आलेल्या मुलांना दारू, माडी काही पाजायचं नाही. कोणाच्या घरात मुलं प्यायली, तर जाब घरधन्याने द्यायचा. गावोगाव दवंडी पिटली गेली. राजबाने ती आपल्या अंगणात उभं राहून ऐकली आणि हसून मान हलवली.

नारळी पौर्णिमेचा दिवस होता. दुपारी समुद्राला नारळ वाहून झाला आणि राजबाचा मुलगा विसू मित्रांना घेऊन घरी आला. त्यांत हिरू कोळणीचा धाकूही होता. एकाचंही मिसरूड फुटलेलं नव्हतं. माजघराच्या कोपऱ्यात सणासाठी उतरवलेल्या माडीचं मडकं होतं. पोरांनी मडक्याकडे पाहिलं, मग राजबाकडे पाहिलं. राजबाने नुसते डोळे मिचकावले.

त्याची बायको आनंदी पुढे आली. "अहो, लहान आहेत ती. अडवा त्यांना."

"आज ना उद्या कुठेतरी चोरून पिणारच," राजबा म्हणाला. "त्यापेक्षा आपल्या घरात प्यायलेली बरी. आणि मी कुठे हाताने ओतून देतोय?"

"दुसऱ्यांची लेकरं आहेत हो."

"सणाच्या दिवशी किरकिर नको."

त्याने माजघराचं दार ओढून घेतलं. जाता जाता पोरांना म्हणाला, "हळू हसा रे, बाहेर आवाज जातो." मग ओटीवर जाऊन पान लावत बसला.

आतून हसण्याचा आवाज येत राहिला. मग गाणी सुरू झाली. मग सगळं शांत झालं. पोरं निजली असतील, असं राजबाला वाटलं. पोरं परसदारातून केव्हाच बाहेर पडली होती. खाडीच्या काठाला राजबाची होडी बांधलेली होती. त्यांनी दोर सोडला आणि भरतीच्या पाण्यात होडी लोटली.

थोड्याच वेळात काठावर आरडाओरडा झाला. होडी उलटली होती. विसू आणि बाकीची मुलं तिला कशीबशी धरून तरंगत होती. धाकू दिसेना. कोळ्यांनी पाण्यात उड्या टाकल्या. त्यांनी त्याला वर काढून वाळूवर ठेवलं, तेव्हा त्याच्यात प्राण उरला नव्हता.

हिरू धावत आली. ती रडली नाही. जमलेल्या माणसांकडे वेड्यासारखी बघत राहिली.

"हा धाकू नव्हे," ती म्हणाली. "माझा धाकू चालायला लागायच्या आधी पोहायला लागला. तो खाडीत बुडेल कसा?"

ती मुलाच्या तोंडावर वाकली आणि चटका बसल्यासारखी मागे सरली. त्याच्या तोंडाला माडीचा वास येत होता.

"कोणी पाजली याला?"

राजबा त्या गर्दीतच उभा होता. त्याने खाली मान घातली.

न्यायाधीश आले. चावडीवर सगळा गाव जमला. न्यायाधीशांनी विचारलं, "माडी आली कुठून?"

राजबा उठला. खरं काय ते सांगावं, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण समोर सगळा गाव बसला होता. आजवर ज्या गावाने त्याला डोक्यावर घेतलं, तोच गाव.

"धाकूनेच आणली असेल," तो म्हणाला. "कोळ्यांच्या घरी असतेच. मला यातलं काही ठाऊक नव्हतं."

सगळ्या चावडीला जणू धक्का बसला. हिरूने मान वर करून नुसतं पाहिलं. मेलेलं पोर काही उठून बोलणार नव्हतं.

तेवढ्यात विसू उभा राहिला.

"आबा, काय बोलताय हे?" तो ओरडला. मग न्यायाधीशांकडे वळला. "माडी आमच्या घरातली. धाकू नको म्हणत होता, मीच आग्रह केला. आबांना सगळं ठाऊक होतं. दार त्यांनीच ओढून घेतलं."

न्यायाधीशांनी आनंदीकडे पाहिलं.

"खरं आहे," ती म्हणाली. "मी एकदा बोलले आणि गप्प बसले. तेही चुकलंच."

"पण मी पाजली नाही!" राजबा कळवळून म्हणाला. "एक थेंबसुद्धा माझ्या हाताने दिला नाही, सरकार!"

"घर तुमचं," न्यायाधीश म्हणाले. "मुलं तुमच्या डोळ्यांदेखत प्यायली. थांबवणं तुमच्या हातात होतं. कायदा एवढंच विचारतो, खोत."

राजबाला कैद झाली. शिपाई त्याला नेऊ लागले, तेव्हा तो हिरूसमोर थांबला आणि त्याने हात जोडले.

"हिरू, शिव्या दे मला. पण काहीतरी बोल."

हिरूचा आवाज अगदी हळू होता. "त्या दुपारी मी धाकूला शोधायला निघाले होते. वाटेत कोणीतरी सांगितलं, तो खोतांच्या घरी आहे. मग मी निर्धास्त झाले आणि परत फिरले."

राजबाला पुढे पाऊल टाकता येईना. शिपायांनी त्याला दंडाला धरून नेलं.

तात्पर्य: आपल्या घरात आलेल्या परक्याच्या मुलालाही जपणं हे घरधन्याचं काम आहे. आपण हाताने पाजली नाही, एवढ्यावर डोळेझाक करणारा दोषातून सुटत नाही.