बारीक बाण

“उघडंना व्हय?” भीमगिरी महाराजांनी पुन्हा विचारलं.

“बघतो. परत एकदा बघतो,” विश्राम म्हणाला. हे तो पाचव्यांदा म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी थोरल्या महाराजांची पुण्यतिथी होती. थोरले महाराज म्हणजे भीमगिरींचे गुरू. त्यांचा आवाज सहा वर्षांनी पुन्हा ऐकायला पाच गावची माणसं मठात जमणार होती.

त्यांची चाळीस प्रवचनं विश्रामने सहा वर्षांपूर्वी जुन्या कॅसेटींवरून आपल्या लॅपटॉपवर उतरवली आणि तिथून तीन पेन ड्राइव्हवर घेतली. एक स्वतःच्या घरी ठेवला, एक नागपूरला बहिणीकडे, एक मठाच्या देव्हाऱ्यात. बँकेतले कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस तो. या कामात त्याचा हात कोण धरणार! गेल्या महिन्यात एसटी स्टँडवर त्याचा लॅपटॉप चोरीला गेला, तेव्हा हा पठ्ठ्या चक्क हसला होता. तीन प्रती आहेत, म्हणाला.

आता समोर शाळेतल्या वृषालीबाईंचा लॅपटॉप होता आणि त्याला लावलेल्या देव्हाऱ्यातल्या पेन ड्राइव्हवर सहा वर्षांचं हळदकुंकू.

बाई पुढे वाकल्या. “सर, हा फोल्डर नाही हो. चित्राच्या कोपऱ्यात बारीक बाण दिसतोय ना? हा शॉर्टकट आहे. फोल्डर कुठे ठेवलाय, तेवढंच तो सांगतो. प्रवचनं तुमच्या त्या लॅपटॉपमध्येच राहिली.”

“काहीतरीच काय! तिन्ही ड्राइव्ह मी लावून ऐकलेत.”

“कुठल्या लॅपटॉपवर?”

“माझ्याच...” म्हणता म्हणता विश्रामने खिशात हात घातला.

घरचा पेन ड्राइव्ह त्याच्या खिशातच होता, तो लावला. बाण. नागपूरला फोन केला. बहिणीने लावून पाहिला आणि म्हणाली, दादा, इथे पण बाणच आहे.

“मूळ कॅसेटी असतील ना?” बाईंनी विचारलं.

महाराजांनी नदीच्या दिशेला पाहिलं. बाईंनी लॅपटॉप मिटला आणि त्या हळूच निघून गेल्या.

जीर्ण पोथी उकिरड्यावर टाकत नाहीत, नदीला देतात. कॅसेटींचंही विश्रामने तसंच केलं होतं. हळदकुंकू वाहिलं, लाल फडक्यात बांधल्या, नारळ फोडला आणि स्वतःच्या हाताने कृष्णेच्या डोहात सोडल्या.

“एक कॅसेट तरी ऱ्हाऊ दे की,” महाराज तेव्हा म्हणाले होते.

“बुरशी धरलीय त्यांना. कशाला पसारा? चाळीसच्या चाळीस एवढ्याशा जागेत बसल्यात,” असं म्हणून त्याने करंगळीचं नख दाखवलं होतं. सगळे तोंडात बोट घालून बघत राहिले आणि त्याला ते फार आवडलं होतं.

आज त्या आठवणीने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने महाराजांचे पाय धरले.

“शिव्या द्या मला. पण बोला काहीतरी.”

महाराजांनी पाय सोडवून घेतले. पेन ड्राइव्ह उचलला, पुन्हा देव्हाऱ्यात ठेवला आणि त्यावर सकाळचंच फूल वाहिलं.

“महाराज, त्यात काही नाहीये.”

“सहा वर्सं रोज फूल वाहिलं म्या. एक दिस तरी लावून दे म्हनलो का तुला?”

“का नाही म्हणालात?”

“तुज्याकडं हाय म्हनून. ऐकू की कवाबी, म्हनलं.”

विश्रामला हे बोलणं फार लागलं. पण हार मानणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. त्याने पिशवीतून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं.

“तुम्ही बावीस वर्षं त्यांच्यापाशी होतात. कॅसेटी होत्या तोवर रोज पहाटे ऐकत होतात. तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. एक प्रवचन. बरं, एक वाक्य तरी...”

महाराजांनी डोळे मिटले.

त्यांचे ओठ हलले, थांबले. पुन्हा हलले. “बाळांनो...” एवढं म्हणाले आणि अडले.

विश्राम पेन टेकवून बसला होता. कागदावर शाईचा ठिपका पसरत गेला.

बऱ्याच वेळाने महाराजांनी डोळे उघडले. त्या डोळ्यांत भीती होती. विश्रामने ती तिथे कधी पाहिली नव्हती.

महाराजांनी हात छातीवर ठेवला.

“हितं बी बाणच हाय, विश्राम.”