वैद्यबुवांची पेटी आणि आतली खाच

फार पूर्वी, तुमचे लॅपटॉप यायच्या कितीतरी आधी, एका राज्यात एक वैद्यबुवा राहत. त्यांच्याकडे घडीची एक बोलकी पेटी होती. गावात कोणाला कोणतं औषध सोसतं आणि कोणतं सोसत नाही, हे सगळं पेटीच्या लक्षात असे. नाव सांगितलं की ती उत्तर देई.

पण गाव वाढलं आणि पेटी मंदावली. सकाळी विचारावं, तर उत्तर जेवणवेळेला. त्यातच तापाची साथ आली. आता पेटीला स्मरणाची आणखी एक पट्टी बसवणं भागच होतं.

अशा पट्ट्या घडवणारी एक म्हातारी वेशीजवळ राहत होती. ती म्हणाली, "आधी पेटी उघडून आतली जुनी पट्टी बघून या. तिची खाच कुठे आहे आणि तिच्यावर खूण कोणती आहे, तेवढं मला सांगा."

वैद्यबुवांनी कान टवकारले. हिला आतलं कशाला हवं? नक्कीच हिचा आपल्या औषधांवर डोळा आहे. बुवांचा स्वभावच असा, की पाहुण्याने पाणी मागितलं तरी ते आधी घरातले तांबे मोजत. त्यांनी काही सांगितलं नाही. फळीवरची सगळ्यांत मोठी पट्टी तेवढी मागून घेतली. मोठी आहे म्हणून ती बसेलच असं नाही, असं म्हातारीने बजावलं, तेव्हा तर त्यांचा संशय पक्काच झाला.

घरी दार लावून, खिडकीवर धोतर टांगून त्यांनी पट्टी बसवायला घेतली. ती बसेना. म्हातारीने मुद्दाम वाकडी दिली, असं पुटपुटत त्यांनी अंगठ्याने जोर लावला. पट्टी जिच्यात बसायची ती आतली खोबण तडकली आणि पेटी मुकी झाली.

बाहेर कुंभारीण तापाने फणफणत बसली होती. तिला एक काढा विषासारखा बाधतो, एवढं बुवांना आठवत होतं. कोणता, ते मात्र पेटीलाच ठाऊक.

मग ती उघडी पेटी घेऊन, भर बाजारातून, सगळ्यांच्या देखत ते म्हातारीकडे धावले.

तिने आत नुसती नजर टाकली. "खाच बोटभर पलीकडे आहे. काढा देण्याआधी तुम्ही रोग्याची नाडी बघता ना, बुवा? मीही तेवढंच विचारत होते."

कुंभारणीच्या सासूला त्या काढ्याचं नाव आठवलं, म्हणून ती वाचली. खोबण नीट व्हायला मात्र आठ दिवस लागणार होते. तोवर वैद्यबुवा दारोदार फिरून कोणाला काय सोसतं ते विचारत राहिले. काही जणांनी दार अर्धंच उघडलं आणि म्हटलं, "तुम्हाला कशाला हवंय?"

म्हणून लक्षात ठेवा: ज्याला सगळ्यांचा संशय येतो, त्याने एकदा स्वतःच्या अंदाजाचाही घ्यावा.