दुधानं धुतलेले हात

एका गावात एक तळं होतं, आणि तळ्याहून खोल त्या गावाचा तोरा होता.

तळ्याच्या बांधाला एक लाकडी दार. दार उचललं की पाणी कालव्यातून निघून जायचं. दार हलू नये म्हणून बाजूला लाकडाची पाचर ठोकलेली. या दाराची देखभाल एक म्हातारा मिस्त्री करायचा. बांधाच्या टोकाला त्याची कामशाळा. गावाच्या मधोमध मात्र पोथीशाळा, रंगवलेली, झेंडूच्या माळा लावलेली.

पोथीशाळेची एक रीत होती. पोर आलं की गुरुजी त्याचे हात दुधानं धुवायचे. मग त्या पोरानं जन्मात हातोडा, करवत, विळा काही धरायचं नाही. धरलं तर विद्या पळून जाते म्हणे. कुठं पळते, ते कुणी पाहिलं नव्हतं.

मग काय, सगळ्या गावानं हात धुतले. खाटेचा पाय मोडला तर चौघं जण भोवती बसून पायावर चर्चा करायचे आणि जमिनीवर झोपायचे.

मिस्त्री दरवर्षी शाळा भरायच्या दिवशी अंगण झाडून बसायचा. नऊ वर्षं एक पोर आलं नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तरी बाबा चाचपडत झाडायचाच.

बांधाखालच्या आळीत टोपल्या विणणारी एक बाई राहायची. तिची पोरगी पाण्याला गेली की मिस्त्रीपाशीच रेंगाळायची. एक दिवस म्हणाली, "आये, मला कामशाळेत घाल."

बाईनं आपले हात पुढं केले. बांबूनं कापून कापून बोटांवर रेघाच रेघा. "हे बघ. असले पाहिजेत तुला? उद्या कोण करून घेईल?"

"पण मिस्त्रीबाबा गेल्यावर दार कोण बघणार?"

"गावात एवढी शहाणी माणसं आहेत. ती बघतील."

दुसऱ्याच दिवशी बाईनं पोरीला पोथीशाळेत नेलं. पोरीनं मुठी आवळलेल्या. गुरुजींनी मुठींवरूनच दूध ओतलं.

श्रावण सरता सरता तळं काठोकाठ भरलं. दार उचलायला गेले, तर पाचर पाण्यानं फुगून घट्ट बसलेली. सारा गाव बांधावर गोळा झाला. गुरुजींनी मापून सांगितलं, "पाणी बांधावरून जायला चार बोटं उरली."

माप अगदी बरोबर होतं हो. थोड्या वेळानं तीन म्हणाले, तेही बरोबर.

मिस्त्री काठी टेकत आला. "वाजवून बघा, पाचर कुठं पोकळ बोलते. तिथं खालनं ठोका. मला दिसत नाही रे, कुणीतरी उतरा!"

सगळ्यांनी आपापल्या हातांकडं पाहिलं. शेवटी पाटलाच्या थोरल्याला राहवेना. त्यानं हातोडा उचलला आणि घातला वरनंच, सगळ्या ताकदीनं. पाचर आणखी आत गेली.

"झालं!" मिस्त्रीनं काठी आपटली.

"दोन बोटं," गुरुजींनी पुन्हा मापून सांगितलं.

पोरीनं आईकडं पाहिलं. आईनं पोरीच्या हातांकडं. मग बाई वाकली, बांधावरचा चिखल ओंजळीत घेतला आणि पोरीच्या हातांना कोपरापर्यंत फासला.

"जा."

"आये, विद्या पळेल."

"पळू दे. माणसं तर राहतील."

पोरीच्या कमरेला दोर बांधला. दुसरं टोक बाईनं धरलं. त्या चिरलेल्या बोटांतून दोर काही सुटायचा नाही.

पोरीनं खाली उतरून पाचर वाजवली. ठक.

"तिथं नाही, खाली ये," वरनं मिस्त्री कान देऊन ओरडला.

ठक.

"आणखी खाली."

ठब्ब.

"तिथंच! खालनं मार!"

पहिला घाव अंगठ्यावर बसला. "बाबा, मला नाही जमत! शिकलेच नाही मी!"

"मीही नऊ वर्षं शिकवलेलं नाही! मार गं बये!"

सहाव्या घावाला पाचर सुटली. चौघांनी दार उचललं. धुतलेल्या हातांनीच, बरं का. पाणी धडाडत कालव्यात गेलं. पण तोवर बांधाचा एक कोपरा खचला होता. खालच्या आळीतली तीन घरं वाहून गेली. त्यात पहिलं टोपल्यावाल्या बाईचं.

माणसं तेवढी वाचली.

सकाळी गुरुजी नातवाला आणि दुधाचा तांब्या घेऊन कामशाळेत आले. मिस्त्रीनं वासावरूनच ओळखलं. "गुरुजी, इथंही हात धुणार की काय?"

"नाही रे बाबा. दूध चहाला आणलंय." गुरुजींनी मान खाली घातली. "सकाळी पोरं माझ्याकडं बसतील, दुपारी तुझ्याकडं. टोपलीवालीची पोर सगळ्यांत पुढं. आणि तिचं घर आधी उभं करू."

त्या दुपारी अंगणात अकरा पोरं आली. मिस्त्रीनं एकेकाचे हात चाचपून पाहिले. सगळे लोण्यासारखे मऊ. बाहेर तळं अजून अर्धं भरलेलं होतं, आणि बांधाचा खचलेला कोपरा तसाच होता.

"चला, हातोडे घ्या," तो म्हणाला. "आणि जरा जोरानं वाजवा पोरांनो. मला आता ऐकूही कमी येतंय."

तात्पर्य: हात धुवावेत ते जेवायला बसताना, शिकायला बसताना नव्हे. आणि ज्याला काम येतं, त्याचे कान शाबूत आहेत तोवरच ते शिकून घ्यावं.