दोराचे मोकळे टोक

डोंगरमाथ्यावरच्या एका वाडीत एकदा चर्चचे एक वृद्ध पाळक राहत असत. संध्याकाळी तिथे इतके धुके दाटे की स्वतःचे पाऊलही दिसू नये, आणि वाटेलगत खोल कडा. म्हणून प्रार्थना आटोपल्यावर सारी मंडळी एकच दोर धरून घरी जात. प्रत्येकाने मागच्याला नावाने हाक मारायची, त्याने ‘आहे’ म्हणायचे, अशी वाडीची रीत होती.

रांगेत सर्वांत शेवटी पाळकांचा शिष्य असे. पूर्वी त्याच्याही मागे त्याचा धाकटा भाऊ शमुवेल चाले. एका भांडणात ‘तू आमचा नाहीस’ असे शिष्य त्याला ताडकन बोलून गेला. शमुवेल तसाच धुक्यात निघून गेला, तो परतला नाही. कड्यावरून पडला असेल, असे लोक म्हणत. तरीही दोराचे टोक त्याच्यापुरते मोकळे सोडावे, असा पाळकांचा आग्रह होता. शिष्याला ते टोक डोळ्यांत खुपे. तो ते गुपचूप गुंडाळून खांद्यावर टाकी.

काही दिवसांनी त्याच्या मागून पावले वाजू लागली. तो थांबला की थांबत, चालला की चालत. एके संध्याकाळी ती इतकी जवळ आली की त्याची बोबडी वळली. त्याच्या पुढेच चालणाऱ्या पाळकांना तो कसाबसा म्हणाला, “बाबा, मागे काहीतरी आहे. माणूस नाही ते!”

“मग नाव घेऊन हाक मार.”

“मेलेल्याला?”

पाळक थांबले. “तो मेला, हे तुला कोणी सांगितलं लेकरा? तुझ्या रागानं? प्रभूनं आपल्याला एकमेकांच्या हाती सोपवलंय. कोण आपला नि कोण नाही, हे ठरवणारे आपण कोण? आपण हाक मारायची, दोर मोकळा ठेवायचा. उत्तर नाही आलं, तर उद्या पुन्हा मारायची. आपणच थकलो, तर मागच्यानं धरायचं काय?”

शिष्याला खांद्यावरचे वेटोळे एकाएकी जड झाले. त्याने ते उलगडून सोडले. दोर दगडांवरून सरपटत मागे गेला.

“शमुवेल!” तो रडतच ओरडला.

पावले थांबली. मग दोराला हलकासा ताण बसला.

“आहे, दादा,” धुक्यातून शमुवेलचा आवाज आला. “रोज मागं येत होतो. धरायला टोकच सापडत नव्हतं.”

तो ताण तळहाताला जाणवत राहील, इतक्या बेताने शिष्य हळूहळू चालू लागला.