कंदीलपुष्पाची जागा

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका नगरात एकदा एका सद्गृहस्थाने घर बांधले आणि घरापुढच्या अंगणात फक्त देशी झाडे लावायची असा संकल्प केला. संकल्प उत्तम होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी या गृहस्थाला पुष्कळ बोलणार आहे, आणि तेव्हा मला देशी झाडांचे वावडे आहे असे कुणी समजू नये.

त्याला ही गोडी लावली होती एका वृद्ध जाणकाराने. सारे नगर या वृद्धाला आबा म्हणे. डोंगरावरच्या प्रत्येक वेलीचे, झुडपाचे, अगदी गवताचेही नाव आबांना ठाऊक होते, आणि कोणते झाड कुणावाचून जगत नाही हेही ठाऊक होते. हा गृहस्थ आठ वर्षे दर रविवारी त्यांच्यामागून डोंगर चढत होता, वहीत टिपणे काढत होता. आबांनी तसे कधी बोलून दाखवले नाही, पण त्याला ते आपला शिष्य मानत.

एका भाद्रपदात आबांनी त्याला डोंगरावरच्या पाण्याच्या टाक्याच्या वर, कातळाच्या उजव्या अंगाला असलेल्या उतारावर नेले. तिथे गवतातून कंदीलपुष्पाचे नाजूक वेल वर आले होते. बोटाच्या पेराएवढे फूल, तळाशी फुगीर, वर पाकळ्यांची टोके एकमेकांना जुळलेली. आबा म्हणाले, "हे मी या डोंगराबाहेर कुठंच पाहिलेलं नाही." शिष्याचे डोळे भरून आले. त्या भरून येण्यात काही खोटे नव्हते. माझा राग आहे तो त्यानंतरच्या गोष्टीवर.

घर पुरे झाले तेव्हा शिष्य झाडे शोधायला निघाला. नगरात चार नर्सऱ्या होत्या आणि चारही ठिकाणी तेच अरेका पाम, तेच क्रोटन, तीच गुंडाळून विकायची हिरवीगार गवताची गादी. देशी झाडे आहेत का, असे विचारले की एक म्हणे, "देशी गुलाब आहे की!" दुसरा तुळस पुढे करी. धायटी म्हटल्यावर तिसऱ्याने, ते जळणाचं लाकूड आहे, इथं कोण घेणार, म्हणून नाक मुरडले. आपल्याच डोंगरावरचे झाड आपल्याच नगरात मिळू नये आणि त्याची कुणाला लाजही वाटू नये, याचा त्याला संताप आला. तो संताप मी समजू शकतो.

आबा त्याला म्हणाले, "बी गोळा कर, पेर आणि थांब. कुडा येईल, धायटी येईल, मुरुडशेंग येईल. दोन-तीन वर्षं अंगण उघडं दिसेल, दिसू दे."

"पण आबा, यंदा बागप्रेमी मंडळाची स्पर्धा आहे. देशी बागेला पहिल्यांदाच बक्षीस ठेवलंय. लोकांना दिसली तरच लोक लावतील ना?"

यावर आबा काही बोलले नाहीत. शिष्याने त्या गप्प राहण्याचा आपल्याला सोयीचा अर्थ लावला.

चौथ्या नर्सरीचा मालक मोठा गोड बोलणारा व्यापारी होता. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही फक्त नाव सांगा. आणून देणं माझं काम." शिष्याने यादी दिली. यादीच्या शेवटी त्याने कंदीलपुष्प लिहिले. हे नाव व्यापाऱ्याने आयुष्यात ऐकले नव्हते. त्याने विचारले, "हे कुठं होतं म्हणायचं?" आणि आमच्या या विद्वानाने, आठ वर्षे गुरूमागे डोंगर तुडवलेल्या माणसाने, खिशातून पेन काढले आणि कागदावर टाके काढले, कातळ काढला, उजव्या अंगाचा उतार काढून त्यावर फुली मारली. फुलाचे चित्रही काढले, अगदी हुबेहूब. त्याला वाटले, हा कुठून तरी बी मिळवील. असे वाटून घ्यायला काही आधार होता का? नव्हता. त्याने एकदाही विचारले नाही की, बाबा रे, तू हे रोप वाढवणार आहेस की उपटणार आहेस? माणसे तांदूळ घेताना दहा प्रश्न विचारतात, साडी उजेडात नेऊन पाहतात. रोप घेताना मात्र फूल आले आहे ना, एवढेच पाहतात.

आठवड्याभरात पाच कुंड्या घरी आल्या. पाचही वेलांना फुले होती. शिष्याने पावती घेतली, मोठ्या झोकात सुवाच्य अक्षरात पाट्या लिहिल्या आणि दारातून आत येताच नजर पडेल अशा जागी कुंड्या मांडल्या.

गणपतीनंतरच्या रविवारी परीक्षक आले. मंडळाने परीक्षक म्हणून आबांनाच बोलावले होते. सोबत मंडळाचे पदाधिकारी, शेजारीपाजारी, फोटो काढणारे असा दहाबारा जणांचा घोळका होता. आबांनी करवंदीकडे पाहून मान हलवली. मग त्या पाच कुंड्यांपाशी आले आणि थबकले.

त्यांनी एक कुंडी उचलली, आडवी धरली, तिच्या बुडावर दोन थापा मारल्या आणि वेल मातीच्या गोळ्यासकट तळहातावर घेतला. मग दुसरी कुंडी. मग तिसरी. अंगणातल्या नव्या फरशीवर माती सांडत होती. पाचही कुंड्या रिकाम्या झाल्यावर त्यांनी खांद्यावरचे उपरणे पसरले, त्यात पाचही वेल हलक्या हाताने ठेवले, गाठ मारली आणि फाटकाकडे चालू लागले. घोळक्यातली एक बाई म्हणाली, "अगं बाई, म्हातारबाबांचं काही बिनसलंय वाटतं!"

शिष्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो फाटकात आडवा उभा राहिला.

"आबा, हे माझं आहे. दुकानातून रीतसर घेतलंय मी, पावती आहे. आठ वर्षांत तुमच्या डोंगरावरचं एक फूल मी तोडलेलं नाही! सगळं गाव विलायती लावत असताना मी एकटा देशी लावतोय, आणि तुम्ही चारचौघांत माझाच अपमान करता?"

आबांनी फक्त एवढेच म्हटले, "चल माझ्याबरोबर."

ते आधी नर्सरीत गेले. व्यापाऱ्याने हसून स्वागत केले. आबांनी उपरण्याची गाठ सोडून वेल दाखवले. "हे कुठून आणलेस?"

"डोंगरावरनं, आजोबा. आमची माणसं जाऊन काढून आली."

"सगळी काढली?"

"बऱ्यापैकी निघाली. साहेबांना पाच दिली, बाकीची मोठ्या शहरात गेली. तिकडं फार मागणी निघाली हो! सहा अजून आहेत." मग तो कौतुकाने शिष्याकडे वळला. "हे साहेब नसते तर आम्हाला पत्ता लागला नसता. काय कागद काढून दिलाय! माणसं थेट जागेवर पोचली." आणि त्याने गल्ल्याखालून तो कागद काढून दाखवला.

त्या माणसाच्या चेहऱ्यावर अपराधाचा मागमूस नव्हता. गिऱ्हाइकाने मागितले, त्याने दिले. त्याला शिव्या घालणे सोपे आहे आणि मी मनातल्या मनात पुष्कळ घातल्याही आहेत. पण मागणारा कोण होता, हे त्या क्षणी शिष्याला कळले. त्याने मान खाली घातली, उरलेले सहा वेल विकत घेतले, तो कागद मागून घेतला आणि निमूटपणे आबांच्या मागून डोंगर चढू लागला.

उतारावर खड्डेच खड्डे होते. पहारीने उकरलेली तांबडी माती इतस्ततः पडली होती, गवत तुडवले गेले होते, तुटलेले वेल वाळून गेले होते. घाईत फुटलेले कंद तसेच टाकून माणसे निघून गेली होती.

ज्ञानी माणसाला राग येत नाही, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. त्यांनी त्या दिवशी आबांना पाहायला हवे होते. त्यांचा आवाज चढला होता.

"पावती दाखवतोस मला? पावतीवर हे खड्डे लिहिलेत का? अरे, क्रोटन लावणाऱ्यांना तू हसतोस. त्यांच्या क्रोटनासाठी या डोंगराला कुणी पहार लावली नाही. तुझ्या देशी बागेसाठी लावली. बियांपासून वाढवलेलं रोप घेतलं असतंस तर डोंगर जागच्या जागी राहिला असता आणि तुझं अंगणही फुललं असतं. हे उपटलेलं घेतलंस. या फुलात शिरणारी चिलटं इथं राहतात, तुझ्या फरशीवर नाही. ती नसली की शेंग नाही, शेंग नाही की बी नाही. एक मोसम फुलेल, तू फोटो काढशील, आणि पुढच्या वर्षी कुंडीत दुसरं काहीतरी लावशील. इथं मात्र काही उरणार नाही. झाडाचं गाव तू विचारलंस. ते गावातून कसं आलं, हे विचारायला तुझी जीभ का उचलली नाही?"

शिष्य म्हणाला, "आबा, ही जागा गुप्त ठेवायची, असं तुम्ही कधी बोलला नाहीत."

"नाही बोललो," आबा म्हणाले. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "चाळीस वर्षं ही जागा मी कुणाला दाखवली नव्हती. सख्ख्या भावाला नाही. तुला दाखवली. सांगावं लागेल, असं वाटलं नाही मला."

हे वाक्य ऐकून शिष्य रडला, आणि आबांनी त्याला रडू दिले. मग दोघांनी मिळून अकरा वेल एकेका खड्ड्यात लावले, हातांनी माती ओढली, वरून गवत पसरले. "जगतील का?" शिष्याने विचारले. आबा म्हणाले, "मला माहीत नाही." त्यांना माहीत नसलेली अशी ही पहिलीच गोष्ट शिष्याने ऐकली. जाताना त्याने तो कागद फाडून तुकडे खिशात घातले.

बक्षीस अर्थातच दुसऱ्या कुणाला मिळाले. शिष्याने अंगणात वाफे केले, रस्त्याकडेच्या कुड्याच्या, धायटीच्या बिया वेचून पेरल्या. नव्या अंगणात नुसती माती पाहून पाहुणे चुकचुकत. आबांचे आणि त्याचे बोलणे तुटले नाही, पण ते कामापुरते उरले. रविवार आला तरी आबा त्याला हाक मारीनात.

पुढच्या भाद्रपदापर्यंत आबांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांचा डोंगर सुटला. शिष्य एकटाच चढून गेला. उतारावर गवत माजले होते, खड्डे बुजले होते. त्याने तासभर गवत हळूहळू बाजूला सारत शोध घेतला. अकरांपैकी दोन वेल जगले होते. एकाला फूल होते, आणि एक चिलट त्याच्या तोंडाशी घुटमळत होते. ते आत शिरेपर्यंत तो पोटावर पडून बघत राहिला.

खाली उतरल्यावर तो थेट आबांच्या घरी गेला. ओट्यावर चारपाच मंडळी बसली होती. त्यांत नगरात नव्याने राहायला आलेले एक बागवेडे गृहस्थ होते. त्यांनी मोठ्या उत्साहाने विचारले, "डोंगरावर होता म्हणे? ते कंदीलपुष्प की काय म्हणतात, ते दिसलं का हो? नेमकं कुठं येतं ते? मला बागेत लावायचंय."

आबा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

आठ वर्षे शिष्याला आपले ज्ञान चारचौघांत सांगायची हौस होती. आजच्याइतके सांगण्यासारखे त्याच्याकडे कधीच नव्हते. तो म्हणाला, "नाही दिसलं. नुसतं गवत आहे तिथं. बागेसाठी धायटीची रोपं देतो, मी बियांपासून केलीत."

आता आबांनी डोळे उघडले. शिष्याचा सदरा गळ्यापासून खालपर्यंत ओल्या तांबड्या मातीने माखला होता. आबांनी त्या मातीकडे पाहिले, मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि सरकून आपल्या शेजारी जागा केली.

"बस," ते म्हणाले. "चहा घेऊन जा."

वर्षभरात त्यांनी त्याला पहिल्यांदाच चहा विचारला होता.