माहेरचा गुग्गुळ

पूर्वी कमलकूट नावाच्या नगरात पुष्पकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी त्याच्या प्रधानाच्या रूपाने जन्म घेतला होता. हे नगर नदीच्या कुशीत वसलेले. तिथे पाण्याला तोटा नव्हता आणि मायेलाही नव्हता, आणि या दोन्हींनी मिळून एका नव्या सुनेची कशी त्रेधा उडवली, त्याची ही गोष्ट आहे.

राजाची राणी धन्विनी वाळूच्या मुलखातली होती. कमलकूटच्या राजघराण्यात एक रीत होती. सुनेने माहेरचे एक रोप आणायचे, ते राजवाड्याच्या बागेत लावायचे, आणि चैत्री पौर्णिमेला सासूने ते पाहून निवाडा द्यायचा. रोप रुजले तर सून रुजली. वाळले तर सुनेची सन्मानाने माहेरी पाठवणी, आणि प्रधानाच्या घरची मुलगी राणी. तोवर सुनेने त्या झाडाला हात लावायचा नाही की त्याच्याविषयी अवाक्षर काढायचे नाही.

धन्विनीने गुग्गुळाचे रोप आणले होते. तिच्या माहेरी त्याला कोणी पाणी घालत नसे. खडकाच्या फटीत, रणरणत्या उन्हात ते मजेत वाढे. इथे मात्र ते नदीकाठच्या गार सावलीत, केळीच्या शेजारी लावले गेले.

राजमाता सुव्रतादेवींचा सुनेवर भारी जीव. पोरीचे झाड जगलेच पाहिजे म्हणून त्या पहाटे स्वतः घागरभर पाणी घालत. दुपारी राजा कोणी पाहत नाही असे बघून घालून जाई. संध्याकाळी दासी घालत, कारण राणी त्यांना फार आवडे. धन्विनी सज्जात उभी राहून हे सारे पाही आणि ओठ चावून गप्प बसे. पुष्पकेतूवर तिचे मनापासून प्रेम होते. तिला परत जायचे नव्हते.

झाडाची पाने पिवळी पडू लागली. मग काय, सगळ्यांनी पाणी वाढवले!

एके सकाळी राजमातेने घागर उचलली, तेव्हा प्रधानजी तिथेच उभे होते. त्यांचे लक्ष झाडाकडे नव्हते. ते सज्जाकडे पाहत होते. पाणी पडताच राणीने डोळे घट्ट मिटलेले त्यांना दिसले. मग ते उगाचच बागेत फेरफटका मारू लागले. केळीपाशी थांबले, तळ्यापाशी थांबले. राणी खिन्नच. शेवटी ते बागेच्या टोकाला, दगडगोट्यांच्या उघड्या उंचवट्यावर जाऊन उभे राहिले. धन्विनीचा चेहरा उजळला, आणि आपला चेहरा उजळला हे लक्षात येताच तिने पदर ओढून घेतला.

प्रधानजींनी त्याच दिवशी झाड तिथे हलवले आणि पाणी बंद केले.

"अहो, तिथे चिटपाखरू बसत नाही!" राजमाता कळवळून म्हणाल्या.

"म्हणूनच तिथे लावलं, आईसाहेब. थोडा धीर धरा."

पण धीर धरवेना असेच घडले. राहिलेली पानेही गळून गेली. उरल्या नुसत्या काटेरी काड्या. नगरात कुजबुज सुरू झाली. प्रधानाला आपली मुलगी माधविका राणी करायची आहे, म्हणून त्याने झाड उन्हात मारले, असे लोक उघड बोलू लागले. ते दासींकडून धन्विनीच्या कानावर आले आणि तिला रडू फुटले. ज्या एका माणसाला तिचे न बोललेले कळले होते, त्याच्यावरच बालंट आले होते, आणि तिला तोंड उघडण्याची सोय नव्हती.

चैत्री पौर्णिमा उजाडली. बागेतली सगळी झाडे पालवीने नटली होती, आणि उंचवट्यावर गुग्गुळ तेवढा उघडाबोडका. पुरोहितांनी मान हलवली. राजा खाली पाहू लागला. राजमातेच्या डोळ्यांना धार लागली.

"बोला प्रधानजी," त्या म्हणाल्या. "आता तुमच्या मनासारखं झालं ना?"

"अजून नाही, आईसाहेब." प्रधानजी झाडाजवळ बसले. गुग्गुळाच्या खोडावरची साल कागदासारखी पातळ असते. तिचा एक पापुद्रा त्यांनी हलकेच सोलला. खाली खोड हिरवेगार होते. "नख लावून पाहा."

राजमातेने नख लावले. नख ओले झाले आणि मंद सुवास सुटला.

"हे जिवंत आहे," प्रधानजी म्हणाले. "वेलीचा तंतू काठीला टेकला की वळतो. शिरीषाची पानं सांज झाली की मिटतात. आणि वाळूतलं झाड, दिवस कठीण आले की पानं टाकून देतं, जीव सालीखाली जपून ठेवतं. पाण्याने त्याची मुळं कुजत होती, ते त्याने पिवळं होऊन सांगितलं. त्याला वाचा नाही, म्हणून असं सांगावं लागतं. सूनबाईंना वाचा आहे, आणि त्यांचं तोंड आपण बंद केलं."

राजमातेने ओल्या नखाकडे पाहिले. "म्हणजे मीच त्याला बुडवत होते," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी सुनेचा हात धरला. "झाड रुजलं. हा माझा निवाडा. आणि ती मुक्याची रीत आजपासून बंद. बोल बाई, काय हवं तुला?"

धन्विनी झाडाजवळ गेली.

"आई, झाडाला आता एक तांब्या पाणी द्या. एकच. आणि..." ती अडखळली.

"आणि काय?"

"मला भातावर इतकं तूप वाढत जाऊ नका. मला ते सोसत नाही हो!"

मग राजमाता इतक्या हसल्या की त्यांना उंचवट्यावर बसावे लागले. राजा हसला, पुरोहित हसले, आणि प्रधानजींची माधविका तर सर्वांत मोठ्याने हसली, कारण तिला राणी व्हायचेच नव्हते. त्या दिवशी धन्विनी इतके बोलली की मेजवानीचे जेवण निवून गेले, पण उठायला कोणी तयार होईना. थोड्याच दिवसांत गुग्गुळाच्या काड्यांवर इवलीइवली पाने फुटली.

एवढी कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, सभेकडे पाहिले. विहारात एक उपासिका होती. ती दूरदेशीहून आलेल्या एका नव्या भिक्षुणीला मायेपोटी रोज आग्रह करकरून वाढी, आणि ती बिचारी संकोचाने निमूट खाऊन आजारी पडली होती. शास्ते हसून म्हणाले, "तेव्हाची सासू म्हणजे ही उपासिका, सून म्हणजे ही भिक्षुणी, राजा म्हणजे उपासिकेचा इथेच बसलेला मुलगा, आणि तो प्रधान मी स्वतः होतो. उपासिके, करुणा तुझ्याजवळ तेव्हाही पुष्कळ होती. तिच्याआधी विचारावे लागते. दुसऱ्याला काय हवे ते जाणून घेणारी जी करुणा, तिलाच प्रज्ञा म्हणतात."

उपासिकेने वाढायला उचललेली पळी खाली ठेवली आणि भिक्षुणीला विचारले, "बाई, तुला किती वाढू?"